गोव्यातला 'इंडिराना' नेमका कोण? रॅनिक्सालिडी कुळाचं वर्गीकरण आणि उत्क्रांती

म्हादयतीर
पावसाळा लागला की आपल्याकडच्या निसर्गप्रेमींच्या गटांवर एका बेडकाचे फोटो हमखास येतात. तांबूस-तपकिरी रंग, लांब मागचे पाय, बोटांच्या टोकांना लहान चकत्या, डोळ्यामागून कर्णपटलावर उतरलेला काळसर पट्टा, आणि बसलेला पाणी झिरपणाऱ्या कातळावर. खाली ओळख ठरलेली: 'इंडिराना बेडोमी'. जुन्या याद्यांतही हेच नाव आहे.

माझं मत असं की गोव्याच्या यादीत हे नाव आता ठेवू नये. बेडोमी ही दक्षिणेकडची जाती. २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत या कुळाची सगळी मांडणी बदलली, पण आपल्या नोंदी तिथेच अडकल्यात. तर चर्चा तीन गोष्टींवर हवी आहे. हे कुळ बाकीच्या बेडकांपासून कधी आणि कसं वेगळं झालं? फोटोवरून किती सांगता येतं? आणि जाती ठरत नसेल तर नोंद कशी लिहायची?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही.

सांगेकर
पहिल्यांदा नावांचा प्रवास सांगतो, म्हणजे गोंधळ कुठून आला ते कळेल.

१८७६ साली ग्युंथरनी ब्रिटिश म्युझियममधल्या नमुन्यांवरून 'पॉलिपेडेटिस बेडोमी' असं नाव दिलं. पॉलिपेडेटिस म्हणजे झाडावरचे बेडूक. कारण उघड होतं: बोटांच्या टोकांना चकत्या. १८८२ मध्ये बूलेंजरनी ती 'राना'मध्ये हलवली. पुढे शंभर वर्षं राना ही प्रजाती (म्हणजे अनेक जातींचा गट, इंग्रजीत जीनस) इतकी पसरट होती की शेतातला मोठा बेडूकसुद्धा त्यातच होता. १९८६ साली लॉरेंटनी 'इंडिराना' आणि दुब्वांनी 'रॅनिक्सालस' अशी दोन नावं जवळपास एकाच गटासाठी दिली. अग्रक्रम इंडिरानाला मिळाला. पण १९८७ मध्ये दुब्वांनी वरच्या पातळीचं नाव रॅनिक्सालसवरून पाडलं होतं. प्राणिनामांच्या नियमानुसार प्रजातीचं नाव समानार्थी ठरलं तरी कुळाचं नाव तेवढ्यावरून बदलत नाही. म्हणून कुळ रॅनिक्सालिडी आणि आज त्यात 'रॅनिक्सालस' नावाची एकही प्रजाती नाही. नव्या वाचकाला इथेच ठेच लागते.

२०१६ मध्ये डहाणूकर, मोडक, पाध्ये, मोलूर आदींनी कुळाचा पूर्ण आढावा घेऊन 'वॉकराना' ही दुसरी प्रजाती वेगळी काढली. कुळात आज या दोनच प्रजाती आहेत आणि कुळ फक्त भारतातलं आहे.

पोफळी
उत्तम माहिती. यादीत बेडोमी इतकी वर्षं का टिकली, त्याचं कारणही मूळ वर्णनातच आहे. बेडोमनी जमवलेले नमुने एका डोंगरातले नव्हते, दक्षिणेतल्या वेगवेगळ्या ठिकाणचे होते. त्यामुळे पुढे ज्याला जो लांब पायांचा, चकत्यांचा बेडूक सह्याद्रीत सापडला, त्याने तो बेडोमीत टाकला. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, सगळीकडे तेच नाव. नंतर डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखालून बऱ्याच जाती निघाल्या.

आपल्या बाजूच्या दोन तर सगळ्यांना माहीत हव्यात. इंडिराना चिरवासी, २०१४, आंबोली. आणि इंडिराना सालेलकरी, २०१५, नेत्रावळी अभयारण्य. दुसरी तर खास आपली, गोव्याच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाने. या दोघी एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत. उत्तरेला माथेरानवरून वर्णन झालेली इंडिराना लिथी आहे, ती बूलेंजरची, १८८८ ची.

खाजन
एक बाळबोध प्रश्न. पहिल्या पावसात शेतात पकडून खातात तो हाच का?

वाळवंटी
@खाजन, नाही हो. तो होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, डिक्रोग्लॉसिडी कुळातला. 'जम्पिंग चिकन' म्हणून ताटात येतो तो. पकडणं, विकणं, खाणं सगळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही १९८७ पासून बंद आहे. अंडी घालायला एकत्र जमलेले जोडे पहिल्याच पावसात उचलले की त्या शेतातली पुढची पिढीच जाते, म्हणून जूनमधली पकड सगळ्यात घातक.

त्याच डिक्रोग्लॉसिडीत गोव्याच्या नावाचे दोन लहान बेडूक आहेत: गोमंतकी (२०१५) आणि गोएमची (२०१८). दोघांचं वर्णन फेजेर्वार्या प्रजातीत झालं, आता ते मिनर्वार्यात मोडतात.

डोंगरवाट
नावं इतकी बदलतात की आधार कार्ड आधी बेडकांना द्यायला हवं.

कातळफूल
:) मान्य. पण नाव बदलतं तेव्हा दरवेळी बेडकाबद्दल एक नवी गोष्ट कळलेली असते. सांगेकरदादांनी चकत्यांचा उल्लेख केला, तो धागा पुढे नेते, कारण उत्क्रांतीची खरी गंमत तिथे आहे.

झाडावरच्या बेडकांच्या, म्हणजे ऱ्हॅकोफोरिडी कुळाच्या, बोटात शेवटच्या दोन पेरांच्या मध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे चकती पृष्ठभागावर सपाट टेकवता येते. इंडिरानात तो तुकडा नाही. शेवटचं पेर टोकाला दुभंगलेलं, साधारण इंग्रजी वाय अक्षरासारखं, आणि चकतीच्या टोकाला चंद्रकोरीसारखी खाच. बाहेरून दोन्ही चकत्याच दिसतात, आतली रचना वेगळी. ओल्या, उभ्या पृष्ठभागावर चिकटून राहायची गरज दोघांना होती, आणि दोन्ही कुळांनी ती आपापल्या वाटेने भागवली.

हाच फसवा सारखेपणा पुन्हा एकदा आडवा आला, तो १३० वर्षांनी. २००६ मध्ये फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचरांचा मोठा वंशवृक्ष मांडला, त्यात इंडिराना आफ्रिकेतल्या पेट्रोपेडेटिसबरोबर एकाच कुळात गेली. वरवर पाहिलं तर पटावं असंच होतं. दोन्हीकडे नराच्या मांडीवर ग्रंथी, दोन्हीकडे ओल्या कातळावर पाण्याबाहेर राहणारे डिंभ, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं. पुढे जास्त जनुकं घेऊन विश्लेषणं झाली तेव्हा ही जोडी टिकली नाही आणि रॅनिक्सालिडी स्वतंत्र कुळ म्हणून उभं राहिलं.

म्हादयतीर
कातळफूलताई, डिंभांबद्दल अजून लिहा ना. चोर्ला घाटात रस्त्याकडेच्या कापलेल्या कातळावर ते दिसतात, पण लोक त्यांना पाली नाहीतर अळ्या समजतात.

कातळफूल
लिहिते. अंडी पाण्यात नाहीत, ओलसर कातळावर. त्यातून निघालेला डिंभ डबक्यात उतरत नाही. कातळावरून सरकणारा पाण्याचा पातळ थर हेच त्याचं घर. कधी कधी तो थर एवढा पातळ असतो की डिंभाची पाठ हवेत असते.

जवळून पाहिलं तर प्रत्येक अवयव त्या थरासाठी घडलेला दिसतो. पोट चपटं. डोळे वर आलेले. शेपूट धडापेक्षा कितीतरी लांब, पण नेहमीच्या डिंभाच्या शेपटीला वर-खाली जी रुंद पाती असते ती इथे जवळपास नाहीच. पोहायचंच नाही तर पाती कशाला! मागचे पाय फार लवकर फुटतात. बोट जवळ नेलं की शेपूट कातळावर आपटून टुणकन उडतो आणि भेगेत शिरतो. तोंड खाली वळलेलं, जबड्याची कड कठीण, तिने तो कातळावरचं शेवाळ खरवडतो.

असे डिंभ जगात मोजक्याच ठिकाणी आहेत: श्रीलंकेत नॅनोफ्रिस (तेही डिक्रोग्लॉसिडी कुळ!), आफ्रिकेत पेट्रोपेडेटिस, ब्राझीलमध्ये थोरोपा. एकमेकांशी जवळचं नातं नाही. धबधब्याशेजारचा ओला कातळ ही एक मोकळी जागा होती. तिथे मासे नाहीत, स्पर्धा कमी, शेवाळ भरपूर. ती जागा प्रत्येक वंशाने स्वतंत्रपणे धरली.

पाहायचे असतील तर रात्री टॉर्च तिरपा धरून पाहा. समोरून प्रकाश टाकला तर ओला कातळच चमकतो आणि डिंभ दिसत नाही.

डिचोलीचा_पाऊस
वाचनखूण साठवली. देव बरें करूं!

पोफळी
आता काळाकडे येऊ. रॅनिक्सालिडी, निक्टिबॅट्राकिडी आणि मिक्रिक्सालिडी ही सह्याद्रीतली जुनी कुळं. २००४ मध्ये रोलांट्स, जियांग आणि बोस्यूट यांनी दाखवलं की राना गटात टाकलेल्या या प्रजाती खरं तर फार प्राचीन शाखा आहेत, क्रिटेशस (डायनोसॉरांच्या शेवटच्या) काळाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाणाऱ्या. मादागास्करपासून भारत सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला, आशियाला टेकायला अजून बराच अवकाश होता. त्या तरंगत्या काळात या शाखा भारतभूमीवर होत्या.

मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला आणि सह्याद्रीचा उत्तर भाग बेसाल्टखाली गेला. म्हणून जुन्या जाती दक्षिणेत आणि नव्या उत्तरेत. वॉकराना मुख्यतः पालघाट खिंडीच्या दक्षिणेला आहे, तेही यात बसतं.

सांगेकर
पोफळीताई, पहिला परिच्छेद शंभर टक्के मान्य. दुसऱ्यावर आक्षेप आहे.

सालेलकरी आणि चिरवासी यांच्यातला १६ एस (जाती ओळखायला वापरतात त्या) जनुकातला फरक काही टक्क्यांचा आहे. एवढ्या फरकाला ६.६ कोटी वर्षं लागत नाहीत. या जाती लाव्हा थंड झाल्यानंतर फार उशिरा फुटल्या. म्हणजे लाव्ह्याने उत्तरेतली जुनी वस्ती पुसली असेल, पण आज दिसणाऱ्या जाती कुठे आणि का फुटल्या याचं उत्तर लाव्हा देत नाही. त्यासाठी खिंडी, पावसाचा बदलता पट्टा, जंगलाचं आकुंचन-प्रसरण हे बघावं लागेल.

दुसरं, गोव्यापुरतं. आपला बहुतेक भाग बेसाल्टचा नाहीच. ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट येतो, बाकी धारवाड काळातले रूपांतरित खडक आणि वर जांभा. आपण लाव्ह्याच्या काठावर आहोत. म्हणून तर गोवा हा उत्तर-दक्षिण सह्याद्रीचा सांधा म्हणून महत्त्वाचा, आणि इथल्या नोंदी चुकीच्या नावाने गेल्या तर तो सांधाच दिसेनासा होतो.

पोफळी
दादा, मुद्दा घेतला. कुळाचं वय आणि जातींचं वय ही दोन वेगळी मोजमापं आहेत, ती वेगळीच ठेवायला हवीत. पण रिकामा झालेला उत्तर भाग पुन्हा दक्षिणेकडून भरला गेला, एवढं तरी मी सोडणार नाही.

सांगेकर
ते शक्य आहे. वंशवृक्षात उत्तरेकडच्या जाती दक्षिणेच्या फांद्यांमधून निघताना दिसल्या पाहिजेत, तरच सिद्ध. त्यासाठीसुद्धा गोव्यातले नमुने अचूक नावानेच हवेत.

वाळवंटी
लाव्ह्याचा विषय निघालाच आहे तर: मुंबईत वरळीला दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात बेडकाचे जीवाश्म मिळालेत. ओवेननी १८४७ मध्ये त्याला 'राना पुसिला' म्हटलं, आता इंडोबॅट्रॅकस. पण तो रॅनिक्सालिडीचा पूर्वज नव्हे, वेगळ्याच गटातला आहे. 'आपल्या इंडिरानाचा पणजोबा' म्हणून त्याचे फोटो कोणी फिरवू नयेत.

खाजन
आता फोटोचं सांगा. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून काय ठरवता येतं?

वाळवंटी
कुळ आणि प्रजाती बहुतेक वेळा ठरते, जाती क्वचित.

आधी बाकीचे बाद करा. बाहुली पत्त्यातल्या उभ्या चौकटीसारखी आणि अंग सुरकुतलेलं असेल तर तो निक्टिबॅट्रॅकस. दूधसागरच्या वर कॅसलरॉकहून २००५ मध्ये वर्णन झालेला पेट्रियस आपल्या सीमेवरचाच. इंडिरानाची बाहुली आडवी. हिरवा, बोटांमधल्या मोठाल्या लाल पडद्यांचा, फेसाचं घरटं करणारा तो मलबारी ऱ्हॅकोफोरस. बोटांना चकत्याच नसतील आणि शेतात-डबक्यात असेल तर मिनर्वार्या पाहा.

मग पुढचे फोटो. वरून एक, अख्खी पाठ दिसेल असा, पाठीवरच्या ग्रंथींच्या घड्या स्पष्ट हव्यात. बाजूने एक, डोळा आणि कर्णपटल एका फोकसमध्ये, म्हणजे दोघांच्या व्यासाचं प्रमाण काढता येतं. हाताचा एक, पहिलं आणि दुसरं बोट शेजारी दिसेल असा, कारण त्यांची तुलनात्मक लांबी वर्णनात लागते. आणि मागच्या पायाचा पंजा, पसरलेला. हा शेवटचा नसेल तर बाकी सगळे अपुरे. फ्लॅश थेट मारू नका, ओल्या कातडीवर पांढरे डाग पडतात आणि घड्या नाहीशा होतात.

कातळफूल
पंज्याचं थोडं विस्ताराने, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मागच्या पायाच्या बोटांना पेरं असतात अनुक्रमे २, २, ३, ४, ३. पडदा कुठपर्यंत पोचतो हे 'किती पेरं मोकळी राहिली' अशा हिशेबाने लिहितात. वॉकरानात पडदा फार आखूड: पहिल्या-दुसऱ्या बोटाचं एकेक, तिसऱ्या-पाचव्याची दोन-दोन आणि चौथ्याची तीन पेरं मोकळी. इंडिरानात पडदा त्याहून पुढे जातो. चूक कुठे होते? बोटं मिटलेली असताना पडदा घडी होऊन लहान दिसतो, मग इंडिरानाची वॉकराना होते. दुसरी चूक, बोटाच्या कडेने जाणारी कातडीची बारीक झालर पडद्यात मोजणं. सांध्यांवर खालच्या बाजूने गाठी असतात, त्या मोजल्या की पेराची हद्द बरोबर सापडते.

लांबी व्हर्नियरने तुंडापासून (नाकाडाच्या टोकापासून) गुदद्वारापर्यंत, ०.१ मिमीपर्यंत, तीनदा घेऊन सरासरी. बेडूक दाबून सपाट केला की आकडा वाढतो, पाठ वाकडी ठेवली की घटतो. मादी नरापेक्षा मोठी, म्हणून लिंग न लिहिता नुसती लांबी निरुपयोगी. नराच्या मांडीच्या खालच्या बाजूला ग्रंथी दिसतात.

आणि हे सगळं परवानगी असेल तरच. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बेडूक हातात घ्यायचा नाही. परवानगी नसेल तर जेवढं दिसतं तेवढ्याचाच फोटो.

सांगेकर
डीएनएसाठी काम करणाऱ्यांना दोन शब्द, परवानगी गृहीत धरून. डिंभाच्या शेपटीचं २-३ मिमी टोक पुरतं. ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये, आणि २४ तासांनी इथेनॉल बदला, कारण ऊतीतलं पाणी ते पातळ करतं. पूर्ण नमुना ठेवायचा असेल तर आधी ऊती काढा, मगच १० टक्के फॉर्मलिन, शेवटी ७० टक्के इथेनॉल. क्रम उलटा झाला की फॉर्मलिन डीएनए तोडतं.

१६ एसचा साधारण ५५० अक्षरांचा तुकडा सगळ्यांनी वापरलाय, म्हणून तुलना सोपी. पण जीनबँकेत (डीएनए क्रमांचा खुला साठा) शोधल्यावर पहिलं नाव 'इंडिराना बेडोमी' आलं म्हणून नाचू नका. २०१४ आधीच्या अनेक नोंदी जुन्याच नावाने पडून आहेत. नमुना कुठला हे पाहा, आणि जातीच्या मूळ वर्णनातल्या नमुन्याच्या क्रमाशीच जुळवा. तीन टक्के फरक ही खूण आहे, निकाल नव्हे. शरीराचा पुरावा सोबत हवाच.

डिचोलीचा_पाऊस
बुटांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बेडकांच्या कातडीला लागणारी काईट्रिड बुरशी सह्याद्रीत नोंदली गेली आहे, इंडिरानावरसुद्धा. एका ओहोळातून दुसऱ्यात जाताना बूट घासून माती काढा, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, कडक वाळवा. माती न काढता ब्लीच लावलं तर ते मातीतच संपतं. आणि उरलेलं ब्लीच ओहोळाच्या काठावर ओतायचं नाही, घरी आणायचं.

म्हादयतीर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता तिसरा प्रश्न बाकी आहे. मोलेला रात्री काढलेला एक चांगला फोटो आहे, पंजा मिटलेला, डीएनए नाही. नोंदीत काय लिहायचं? 'सालेलकरी' लिहावं का, गोव्याची म्हणून?

पोफळी
नको! बेडोमीच्या जागी सगळीकडे सालेलकरी लिहिलं तर तोच गोंधळ नव्या नावाने. नेत्रावळीत सापडली म्हणजे गोवाभर तीच असं नाही. उत्तरेला आंबोली किती जवळ आहे पाहा.

सांगेकर
'इंडिराना, जाती अनिश्चित' असं लिहा. सोबत ठिकाण अक्षांश-रेखांशासह, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, वेळ, आणि आधार: कातळ, पालापाचोळा की ओहोळाचा काठ. जुन्या यादीतली बेडोमी खोडू नका, तिच्यापुढे 'पूर्वी या नावाने नोंद' असा शेरा द्या, म्हणजे जुनी नोंद शोधणाऱ्याला ती सापडेल. फोटो मूळ आकारात जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत बोटांची पेरं मोजता येत नाहीत.

कातळफूल
आणि त्याच कातळावर डिंभ असतील तर त्यांचाही फोटो त्याच नोंदीत जोडा, शेपटीशेजारी मोजपट्टी ठेवून. प्रौढ बेडकांची वर्णनं झाली आहेत, डिंभ कुठल्या जातीचा हे मात्र डीएनए जुळवल्याशिवाय ठरत नाही, म्हणून जागा आणि तारीख नीट लिहिलेले फोटो पुढे कामी येतील.

खाजन
मोजपट्टी ओल्या कातळावरून घसरते त्याला उपाय?

कातळफूल
प्लास्टिकची लवचीक पट्टी घ्या, पाण्याच्या थरानेच ती कातळाला चिकटून राहते. आकडे पुसले जाणार नाहीत अशी, कोरलेल्या खुणांची.